मेहुणा जेवत नाही

बहारीनमधल्या गुदैबियात थंडी आली हे आम्हाला अंगावरच्या काट्याने कळत नाही, शांततेने कळतं. वर्षातले आठ-नऊ महिने आमच्या गल्लीतला एकूण एक एसी गुरगुरत असतो. त्या गुरगुरीवर आम्ही झोपतो, भांडतो, आरत्या म्हणतो. मग डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटतो, एकेक एसी गप्प होतो आणि खालच्या हॉटेलातला पुऱ्या तळण्याचा चुरचुराट थेट तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. लोक खिडक्या उघडतात. बायका कपाटातल्या चादरींना ऊन दाखवतात. तुबलीला आमच्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामं कमी होतात आणि चहा वाढतो. सगळं बहारीन खुशीत असतं. मी मात्र स्वयंपाकघरातला वजनकाटा पुसून बाहेर काढतो आणि घाबरायला लागतो.

कारण या दिवसांत आमचा मेहुणा जेवण सोडतो.

मेहुणा म्हणजे साप. अजगरांतली एक बुटकी आफ्रिकन जात आहे. घाबरली की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करून बसते. जनाबियाच्या एका व्हिलात माझ्या मुलीची, ऋचाची, शाळेतली मैत्रीण राहायची. त्या लोकांनी देश सोडताना फर्निचर विकलं, मांजर बरोबर नेलं आणि साप ऋचाला दिला. ऋचाने आम्हाला विचारलं नाही. काचेची पेटी हॉलमध्ये ठेवून झाल्यावर म्हणाली, "ही इज व्हेरी लो मेन्टेनन्स, बाबा." त्याचं नाव तिने नूडल ठेवलं होतं.

मी गुहागरकडचा. आमच्या लहानपणी दिवेलागणीनंतर साप हा शब्द घरात उच्चारायची बंदी होती. ‘जनावर निघालं’ एवढंच म्हणायचं, आणि तेवढ्याने अख्खी वाडी काठ्या घेऊन धावायची. असा मी, पन्नाशीला आलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस, आता जनावराच्या पेटीला पाठ करून बातम्या बघू लागलो. पाठीला डोळे फुटतात म्हणतात ते खोटं नाही. माझ्या फुटले होते.

मला वाटलं, सुनंदा तरी विरोध करेल. माझी बायको मालवणकडची. एकदा का ती ‘नाय’ म्हणाली की प्रश्न मिटला. पण तिने पेटीसमोर उभं राहून पाच मिनिटं त्या गुंडाळीकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हवांदे. भाऊ आसा माझो."

सुनंदाला सख्खा भाऊ नाही. चार बहिणी. लहानपणी नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या मुली आपापल्या भावांसाठी उपास धरायच्या, तेव्हा या चौघींची आई म्हणायची, तुमचा भाऊ नागोबा. मग या चौघी पाटावर गंधाने नाग काढायच्या, त्याला हळद-कुंकू लावायच्या, दूध-लाह्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी घरात विळी चालायची नाही, तवा चढायचा नाही, भावाला भाजेल-कापेल म्हणून. चाळीस वर्षं तिने पाटावरच्या भावाला जेऊ घातलं. आता तो खरोखरच घरी राहायला आला होता. आणि मग माझं त्याच्याशी नातं काय, हे निराळं सांगायला नको. मराठी संसारात बायकोच्या भावाला न जेवता ठेवणं यापरता गुन्हा नाही.

फक्त हा भाऊ दूध-लाह्या खात नव्हता. तो उंदीर खात होता, तेही गोठवलेले.

गोठवलेले उंदीर पाकिटातून मिळतात, हिरव्या वाटाण्यासारखे. सुनंदाने जाहीर केलं, बांगडा, सुरमई आणि खवलेला नारळ ज्या फ्रीजरमध्ये आहे त्यात हे येणार नाही. भाऊ असला तरी त्याचं जेवण वेगळं. मी वर्कशॉपमधून एक मोडीत निघालेला छोटा डीप फ्रीजर आणला, त्यात गॅस भरला आणि बाल्कनीत बसवला. थंड करणं आणि गरम होऊ न देणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्यामुळे डिसेंबरात जेव्हा ऋचाचा बारावीचा अभ्यास सुरू झाला आणि सापाचं खाणं-पिणं आमच्याकडे आलं, तेव्हा मी म्हणालो, "अभ्यास कर तू. उंदीर वितळवणं म्हणजे काय, माझ्या हातचा मळ आहे."

पेटीच्या काचेवर ऋचाने एक तक्ता चिकटवला होता. तारीख, वजन, खाल्लं की नाही. दर आठवड्याला एक उंदीर. आदल्या रात्री डीप फ्रीजरमधून काढून थर्मोकोलच्या डब्यात, मग संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात. खोलीतला मोठा दिवा बंद, पेटीवरचा लाल दिवा चालू. लांब चिमट्याने शेपटीकडून धरायचा आणि जिवंत असल्यासारखा हलवायचा. बस्स.

सोमवार-गुरुवार आमच्याकडे वशाट चालत नाही, म्हणून मी शुक्रवार धरला. मगरिबची बांग झाली, सुनंदाने देवाला दिवा लावला आणि मी आमच्या उंदीर-मगमध्ये पाणी ओतलं. तो मग लाल रंगाचा आहे आणि त्यावर मी स्वतः काळ्या मार्करने फुली मारली आहे, कारण आमच्या घरी पाहुणे फार येतात. भिजलेल्या गोणपाटासारखा वास सुटला. वर्कशॉपमधली तापमान बघायची बंदूक रोखून मी उंदराचं पोट मोजलं. अडतीस. माणसाच्या अंगाइतकं उबदार. चिमटा घेऊन हलवू लागलो. नूडलने मान उचलली, दोनदा जीभ काढली, आणि मला कधीच विसरता येणार नाही अशा सावकाशीने तोंड फिरवलं. लग्नात पहिल्या पंक्तीला न बसवलेला पाहुणा जसं फिरवतो तसं.

तेवढ्यात ऋचाच्या खोलीचं दार उघडलं, आणि मी चिमटा उंदरासकट पाठीमागे घेतला. "डिड ही ईट?"

"हो," मी म्हणालो. "एका घासात."

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. म्हणजे कळलं. सुनंदाने आधीच सांगून ठेवलं होतं की पेपर संपेपर्यंत पोरीच्या कानावर वेडंवाकडं काही जाता कामा नये. ही आमच्या घराण्याची रीतच आहे. माझ्या बारावीच्या वेळी मी चिपळूणला आत्याकडे होतो. पेपर चालू असताना आजोबा गेले, ते मला शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर कळलं. तेरावंसुद्धा उरकलं होतं. सगळ्यांनी मला चांगल्या मनानेच फसवलं होतं. मला तेव्हा राग आला होता का, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्यांची काठी कोपऱ्यात नव्हती, आणि ती कुठे आहे हे विचारायला मला लाज वाटत होती.

मी तक्त्यावर बरोबरची खूण केली. ज्या घरात परीक्षेची तयारी चालली होती, त्या घरात कॉपी मी करत होतो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. काटा सांगत होता: चौदाशे पन्नास ग्रॅम, चौदाशे वीस, तेराशे ऐंशी. हा तोच काटा, ज्यावर सुनंदा दिवाळीला बेसन मोजते. मधे फक्त एक प्लास्टिकचा डबा. मी एक एक चूक शोधू लागलो. उंदीर बाहेरून मऊ आणि आत बर्फ राहतोय का? वेळ वाढवला. पाणी फार गरम होतंय का? कमी केलं. ड्रायरने त्याचं डोकं तापवलं. माझ्या हाताला वर्कशॉपच्या ऑइलचा वास येत असेल म्हणून ऋचाच्या साबणाने तीन-तीनदा हात धुतले. मग वाटलं, तो तिला ओळखतो, मला नाही. तर एका शुक्रवारी मी तिचा फिक्या गुलाबी रंगाचा टोपीवाला स्वेटर चढवला. माझ्या पोटावर तो अर्ध्यातच थांबला. डोक्यावर टोपी, हातात चिमटा, चिमट्यात उंदीर, आणि मी लाल अंधारात कमरेतून वाकून शेपटी हलवतोय. सुनंदा दारात उभी राहून बघत होती.

"माझो भाऊ आहे तो," ती म्हणाली, "आंधळो नाय."

वर्कशॉपमध्ये सावंत ड्रायव्हर रोज सकाळी गाडीची चावी फिरवत विचारायचा, "काय ओ, मेवणो जेवलो?"

"नाय."

"मगे कोंबडी-वडे घाला तेका!"

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन मोबाइलवर वाचायचो की अजगर किती दिवस उपाशी राहू शकतो. त्या दिवसांत मी जेवायला बसलो की डोळ्यांसमोर एकच चित्र: फिजिक्सच्या पेपराची सकाळ, पोरगी गणवेशात, पेटीत न हलणारी गुंडाळी. तिची बारावी माझ्यामुळे जाणार होती. आणि बारावीपेक्षाही काहीतरी जाणार होतं, त्याला नाव काय द्यावं ते मला तेव्हा सुचत नव्हतं. ती दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी ‘हो’ सांगायचो, आणि ती मान डोलावून आत जायची. जाताना पेटीपाशी जरा थांबायची. मला वाटायचं, माझ्यावर किती विश्वास पोरीचा!

घरात सुनंदा तर सरळ मालवणीवर आली होती. "माझ्या भावाक उपाशी मारतलात तुमी!" पण मला मदत मात्र करायची. मी खोलीत दिवे लावणं-विझवणं करेपर्यंत मगपाशी ती उभी असायची, उंदीर पुसून माझ्या चिमट्यात द्यायची, आणि ऋचा झोपल्यावर मी रात्रभरासाठी पेटीत ठेवलेला उंदीर, मी सकाळी सहाला तुबलीला जायचो म्हणून, पहाटे उचलायचीही तीच.

सातव्या वेळेनंतरचा शनिवार, मला सुट्टी होती. ऋचा शेजारच्या बिल्डिंगमध्ये ट्यूशनला गेली होती. मी पेटीतला कागद बदलायला घेतला, आणि भर दिवसाच्या उजेडात मला पांढऱ्या कागदावर पिवळे डाग दिसले. एक-दोन नाही. जिथे रात्रभर उंदीर पडून होता तिथे आणि तिथून पुढे त्याच्या अंगाखाली पसरलेले, पिवळेजर्द.

"कावीळ!" मी ओरडलो.

पुढच्या दहा मिनिटांत नूडल उशीच्या अभ्र्यात, अभ्रा सुनंदाच्या मांडीवर आणि आम्ही गाडीत होतो. सापांचं बघणारी एक डॉक्टरीण आहे असं मी टाकीमागे वाचलं होतं. सगळ्या सिग्नलना सुनंदा अभ्र्यावरून हात फिरवत म्हणत होती, "आलं हां, आलं आता."

डॉक्टरीण इजिप्शियन, धिप्पाड, शांत. तिने नूडलला लांब केलं, तोंड उघडून बघितलं, पोट दाबलं, वजन केलं. बाराशे नव्वद. मी पुराव्यादाखल घडी करून आणलेला कागद पुढे केला. तिने तो उजेडात धरला. मग नाकाशी नेला आणि शिंकली.

"व्हॉट इज धिस?" ती म्हणाली. "करी?"

मी सुनंदाकडे बघितलं. सुनंदा छताकडे बघत होती.

"सुनंदा."

"हळद," ती पुटपुटली.

"कसली हळद?"

"मगे? तसोच देतलात तेका?" मग ती भडकलीच. "किती हिवस वास येतो त्याला! मीठ लावून धुतला, हळद चोळली, दोन पाण्यातून काढला. आपण बांगडा तसाच खातो का न धुता? भावाच्या पानात मी असलं काही वाढणार?"

सातही वेळा. मगपाशी उभी राहून, माझी पाठ वळली की. आणि लाल दिव्यात पिवळं आणि पांढरं एकच दिसतं, हे तीस वर्षं वायरिंग केलेल्या मला त्या दिवशी समजलं.

मी डॉक्टरणीला इंग्रजीतून सांगितलं. तिने चेहरा सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. मग समजावलं, की हा प्राणी डोळ्यांपेक्षा वासाने जेवण ओळखतो. त्याच्या हिशेबाने तुम्ही त्याला उंदीर दिलाच नाही, काहीतरी उबदार मसाला दिलात. पण सगळा दोष या बाईंचा नाही, या ऋतूत नर तसेही खाणं सोडतात. आता दहा दिवस त्याला हात लावू नका. मग साधा, न धुतलेला द्या. आणखी वजन उतरलं तर नळीने भरवावं लागेल. "इंशाल्ला, नो," ती म्हणाली.

परतताना सुनंदा रडली. आवाज न करता, अभ्र्यावर हात ठेवून. मी तिला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "लिंबू नव्हतं पिळलं ना?" ती रडता रडता हसली आणि तिने माझ्या दंडावर जोरात मारलं.

दार उघडलं तर ऋचा हॉलमध्ये उभी. रिकाम्या पेटीकडे बघत होती. आमच्या हातात अभ्रा.

"इज ही डेड?" तिने विचारलं.

मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. नाही, नाही, जिवंत आहे, हे पहिलं बोललो. मग एकदम सगळंच: सात वेळा, सात खुणा, हळद, बाराशे नव्वद. बोलताना मी तक्त्यासमोर असा उभा राहिलो होतो की तो तिला दिसू नये. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली, तिथेच फरशीवर, आणि तिने अभ्र्याची गाठ सोडून त्याला मांडीवर घेतलं.

"बाबा, आय सी हिम एव्हरी डे," ती म्हणाली. "मला दिसत होतं तो बारीक होतोय. आणि तुम्ही म्हणत होता तो खातोय." तिचं मराठी मोडकं होतं, पण ती मुद्दाम मराठीत बोलत होती, आम्हाला एकही शब्द चुकवता येऊ नये म्हणून. "खातोय आणि तरी बारीक होतोय. म्हणजे आत काहीतरी मोठं झालंय. ट्यूमर. मी रोज तेच वाचत बसते. केमिस्ट्री नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण आई रडली असती."

सुनंदा मट्कन सोफ्यावर बसली.

म्हणजे दीड महिना त्या बंद दाराआड अभ्यास नव्हताच. मी ज्या काळजीपासून तिला वाचवत होतो तिच्यापेक्षा मोठी काळजी मीच, एकेक खूण करून, तिच्या पदरात घालत होतो. उपाशी साप ही केवढीशी गोष्ट! खाऊन वाळणारा साप, त्याला औषध नाही. माझ्या खोटेपणात मी सगळा विचार केला होता, फक्त तिला डोळे आहेत हे विसरलो होतो.

थोड्या वेळाने ती उठली. मार्कर घेऊन तिने माझ्या सातही खुणा खोडल्या आणि प्रत्येकीपुढे ‘नो’ लिहिलं. सातवा ‘नो’ लिहून झाल्यावर तिने लांब श्वास सोडला. "ओके," ती म्हणाली. "ही इज जस्ट हंग्री." आणि मग हसू लागली, वेड्यासारखी.

दहा दिवसांनी केमिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघांनी साधा, न धुतलेला उंदीर दिला. त्याने जीभ काढली. एकदा, दोनदा, पाचदा. अगदी जवळ आला. आणि तोंड फिरवलं. सुनंदाने डोळे मिटले. ऋचाने तक्त्यावर ‘नो’ लिहिलं, वजन लिहिलं, बाराशे पंचाऐंशी, आणि म्हणाली, "पाचच ग्रॅम गेले." ती आत गेली. बंद दाराआडून तिचा सूत्रं पाठ करण्याचा आवाज येत राहिला, आणि मी हॉलमध्ये बसून तो ऐकत राहिलो. पोरगी खरं ऐकून अभ्यास करू शकते, ही गोष्ट मला एक्कावन्नाव्या वर्षी कळत होती.

तो जेवला ते मार्चच्या मध्यात. गल्लीतले एसी पुन्हा एकेक करून गुरगुरायला लागले होते आणि तुबलीला फोनवर फोन येत होते. मी चिमटा पुढे केला आणि चिमटाच हातातून ओढला गेला. फट्कन आवाज झाला. वळशांत आवळलेला उंदीर, मग डोकं शोधत फिरणारा जबडा. पंधरा मिनिटं लागली. आम्ही तिघं शेजारी शेजारी फरशीवर बसून बघत होतो. "सावकाश, रे बाबा," सुनंदा मधेच म्हणाली, "सावकाश. आसा आणखी."

या गोष्टीला आता दोन थंड्या झाल्या. ऋचा पुण्याला शिकते. होस्टेलात साप चालत नाही, त्यामुळे नूडल आमच्याकडे. सुनंदा आता मगपाशी येत नाही. उंदीर मला एकट्यानेच वितळवावा लागतो. यंदाही त्याने उत्तरेचा वारा सुटल्यावर तोंड फिरवलं. डॉक्टरीण म्हणते काळजीचं कारण नाही. मी काळजी करतो. काळजीला कारण लागतं असं तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

परवा शुक्रवारी ऋचाचा फोन आला. "खाल्लं?"

"नाही," मी म्हणालो. "सलग चौथ्यांदा. तेराशे दहा."

हे बोलायला अजूनही मला धीर गोळा करावा लागतो. पलीकडे होस्टेलच्या जिन्यावरून कोणीतरी धावत गेल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, आणि पुण्याने तिला एवढं तरी शिकवलंय की आता ती मराठीतच म्हणाली:

"बाबा, मी मॅथ्समध्ये नापास झालेय. निकाल लागून महिना झाला. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

पहिला विचार तोच आला, घराण्यातला, जुना: सुनंदाला कळता कामा नये. तिचं बीपी आहे. नंतर सावकाश सांगू. ती आत पोळ्या लाटत होती. पोळपाटाचा खडखड आवाज येत होता. मी फोन कानाशी घट्ट धरला, बाल्कनीकडे दोन पावलं टाकलीसुद्धा.

मग थांबलो, आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सुनंदा," मी हाक मारली, "गॅस बंद कर आणि बाहेर ये. ऋचा काहीतरी खरं सांगतेय."